शालनची ताटली

शालन, तुझी ताटली माझ्याकडे आहे. चोरलेली नाही, जप्त केलेली आहे. वीस वर्षांवर काळ लोटला, म्हणजे तुझ्याच भाषेत मुदत संपली. तू दावा लावू शकत नाहीस. आणि आता तर दावा लावायला तूच उरली नाहीस.

तुझ्या रोहनचा मेसेज एका सकाळी आला. इंग्रजीत, तीन ओळींचा. मी चष्मा शोधेपर्यंत गौरीने तो वाचून टाकला. हो, आमच्या गौरीने. वाचता येत नाही म्हणून जिला शाळेने काढलं, तिनेच तू गेल्याची बातमी मला वाचून सांगितली. वाचताना ती अजूनही ओळीखाली बोट ठेवते, मोबाईलवरसुद्धा. बोट मध्येच थांबलं आणि म्हणाली, "आई, शालन मावशी गेली."

मी म्हटलं, "कुठे?"

बघ ना. इतकी वर्षं झाली, तरी मला आधी हेच वाटलं, की तू पुन्हा काहीतरी न सांगता निघून गेलीस.

त्या दिवशी मी रडले नाही. भाजी फोडणीला टाकली, नातीला शाळेच्या बसपर्यंत सोडलं, तिच्या मास्तरीणबाईंबद्दल एक चहाटळ विनोद करून तिला हसवलं. रडू आलं दुसऱ्या दिवशी, आणि तेही झेरॉक्सच्या दुकानात. पोराने विचारलं, "आजी, किती कॉप्या?" आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "तीन." मला एकच हवी होती. पण तीन हा तुझा आकडा. एक त्यांना, एक आपल्याला आणि एक अशा ठिकाणी, जिथे नवऱ्यालासुद्धा सापडणार नाही. दुकानात उभी राहून मी डोळे पुसतेय आणि ते पोर म्हणतंय, "आजी, एकच करू का? पैसे राहू द्या."

आपली पहिली भेट तुला आठवत असेल. शारजातल्या त्या शाळेत हेडमिस्ट्रेसबाईंच्या खोलीबाहेर एक लाकडी बाक होता. मी त्यावर पदर सावरून बसले होते. तेव्हाची मी कशी होते, आठव. पस्तिशीतली, केसांना नुकत्याच पायऱ्या कापून घेतलेल्या, हातात इंडियाहून आणलेली खोट्या कातड्याची पर्स आणि डोक्यात पक्का समज, की इंग्रजी मोठ्याने बोललं की समोरचा घाबरतो. आतून बोलावण्याची वाट बघत मी मनात वाक्यं घोकत होते. तू येऊन शेजारी बसलीस, माझ्याकडे एकदा बघितलंस आणि म्हणालीस, "पहिल्यांदाच आलात वाटतं? मला तर या बाकाचं भाडं लावायला हवं त्यांनी."

तुझा रोहन तेव्हा नऊ वर्षांचा. वर्गात दहा मिनिटं एका जागी बसत नसे, आणि फळ्यावरचं वहीत उतरेपर्यंत अर्धं गायब होई. माझी गौरी दहाची. बोलायला चुणचुणीत, हिशेबात पक्की, आम्ही राहायचो त्या अजमानमधल्या भाजीवाल्या पठाणाला हिंदीत गुंडाळून ठेवणारी. पण कागदावरची अक्षरं तिच्यासमोर जागा बदलत. "आई, ती हलतात," म्हणायची. आणि मी म्हणायची, "तू नीट बस म्हणजे ती पण नीट बसतील." अशी मी आई.

त्या वर्षांत या गोष्टीला तिथे धड नावसुद्धा नव्हतं. शाळा 'स्लो' म्हणे, आपली माणसं 'लाडावलेली' म्हणत. आमचे हे अबू धाबीजवळ मुसफ्फाला वर्कशॉपमध्ये. गुरुवारी संध्याकाळी कंपनीच्या गाडीने अजमानला येत आणि शुक्रवारी संध्याकाळी परत जात. त्यांना आठवड्याचं सगळं एका दिवसात सांगायचं म्हणजे चांगलं तेवढंच सांगितलं जाई. त्यामुळे वाईट सगळं मी तुला सांगितलं.

एक गोष्ट तर फक्त तुलाच सांगितली होती. गौरीचं ॲडमिशन मी कसं मिळवलं, ती. फॉर्मवर एक प्रश्न होता, मुलाला शिकण्यात काही अडचण आहे का? मी 'नाही' लिहिलं आणि खाली झोकात सही केली. मग मुलाखतीसाठी पुस्तकातला एक धडा, 'माय कॅट', पोरीकडून पंधरा दिवस पाठ करून घेतला. कुठे थांबायचं, कुठे बोट सरकवायचं, कुठे पान उलटायचं, सगळं. मुलाखतीच्या दिवशी बाईंनी पुस्तक उघडलं ते भलत्याच पानावर. त्यावर जहाजाचं चित्र. गौरीने जहाजावर बोट ठेवलं आणि खणखणीत आवाजात काळ्या मांजराचा धडा म्हणून दाखवला. बाई फोनवर बोलत होत्या. "व्हेरी गुड," म्हणाल्या आणि ॲडमिशन झालं.

हे तुला सांगितलं तेव्हा तू शारजातल्या अल मजाजच्या तुझ्या गॅलरीत बसून इतकी हसलीस, की खालच्या मजल्यावरची इजिप्शियन बाई बाहेर येऊन वर बघायला लागली. तुझ्या गॅलरीतून खालिद लगूनचं पाणी दिसे, माझ्या गॅलरीतून समोरच्यांची गॅलरी. तेवढा एक मत्सर सोडला तर, शालन, मी तुझ्यावर जीव टाकला होता.

आणि का नाही टाकणार? तू वकिलाच्या ऑफिसात सेक्रेटरी होतीस. तुझे ते सुदानी वकीलसाहेब, सगळे त्यांना 'उस्ताद' म्हणत, आम्हीही म्हणायला लागलो. तू दर शुक्रवारी सकाळी आम्हा चौघींना घरी बोलवायचीस. पोरं आतल्या खोलीत दंगा करत, आणि बाहेर तुझी शाळा चाले. आम्ही पहिल्या दिवशी नुसत्या रडलो. तू रडू दिलंस, चहा दिलास आणि मग म्हणालीस, "झालं? आता फाईल काढा."

फाईल कोणाकडेच नव्हती.

"तोंडी काही घ्यायचं नाही," तू सांगितलंस. "बाई म्हणाल्या ना, उद्यापासून मुलीला पाठवू नका? मग घरी येऊन त्यांनाच पत्र लिहायचं. आज अमुक वाजता आपण असं म्हणालात, कृपया कारण लेखी द्या. आणि ऑफिसात देऊन शिक्का घ्यायचा. पोच नाही तर पत्र नाही."

पहिलं पत्र मी नेऊन दिलं आणि आनंदाने तुला फोन केला. तू विचारलंस, "पोच घेतलीस?" मी म्हटलं, "अगं, त्या बाई किती गोड बोलल्या, शिक्का मागायला लाज वाटली." तू म्हणालीस, "वसू, गोड बोलण्याची झेरॉक्स निघत नाही."

हे वाक्य मी पुढे जन्मभर वापरलं. कधी जावयाला, कधी बँकेतल्या माणसाला. दरवेळी माझं म्हणून. आज कबूल करते, तुझं आहे.

उस्तादांनी आम्हाला एकदा ऑफिसात बोलावलं होतं. मी पर्समधून पुण्याहून मागवलेला कायद्याचा कागद काढला, तर त्यांनी तो हाताने बाजूला सारला. शांतपणे इंग्रजीत सांगितलं, की तुमच्या मुलांचं नाव घेणारा कायदा आज इथे नाही. पुढे होईल, इन्शाल्ला. पण शाळेने वर्षाची फी घेतली आहे, म्हणजे करार आहे. शाळेला परवाना देणारं खातं आहे. तर तीनच गोष्टी मागा. वर्षाच्या मध्ये काढू नका. परीक्षेत प्रश्न वाचून दाखवा. आणि नाही म्हणायचं असेल तर कारण लिहून द्या. "तीन," त्यांनी बोटं वर केली. "चौथी मागाल तर तिन्ही जातील."

मला वाटलं होतं, आम्ही कोर्टात जाऊ, मी काहीतरी बाणेदार बोलेन. प्रत्यक्षात कायद्याची लढाई म्हणजे पाच बायका एका डायनिंग टेबलाभोवती बसून एका पत्रातली विशेषणं कापत होत्या. मी 'अमानुष' लिहिलं होतं. तू खोडलंस. मी 'अन्यायकारक' लिहिलं. तेही खोडलंस. "विशेषण आलं की समोरचा ऐकायचं थांबतो," म्हणालीस. आपलं त्यावर चांगलंच वाजलं होतं. ते भांडण अजून संपलेलं नाही, बरं का. या मजकुरात मी तुझ्यासाठी लागतील तेवढी विशेषणं वापरणार आहे.

पत्र झालं आणि प्रश्न आला सह्यांचा. पहिली सही कोण करणार? तिथे राहिलेल्यालाच हे कळेल. सगळ्यांचे नवरे कुठल्या ना कुठल्या कंपनीच्या व्हिसावर, आपण नवऱ्याच्या व्हिसावर. यादीतलं पहिलं नाव म्हणजे म्होरकी. म्होरकीच्या नवऱ्याला मॅनेजरचा फोन जाणार. पाचजणी पेन एकमेकींकडे सरकवत होत्या. तेव्हा माझ्या त्या पायऱ्या कापलेल्या डोक्यात कल्पना आली. मी तुझ्या मांडणीवरची एक ताटली उचलली, कागदावर पालथी घातली आणि पेन्सिलीने भोवती रेघ ओढली. म्हटलं, "गोलात सह्या करा. गोलाला पहिलं कोण आणि शेवटचं कोण?"

तू टाळ्या वाजवल्यास. "वसू, तू वकील व्हायला हवी होतीस!" मी आठवडाभर त्या एका वाक्यावर तरंगत होते. गोलात माझी सही आणि माझ्या डावीकडे तुझी. मग शपथ. तुझ्याच घरी, तूच काढलीस. घरात अक्षता नव्हत्या, तांदूळ शिजत होते, तर प्रत्येकीच्या हातावर एकेक खजूर ठेवलास आणि म्हणालीस, "एकटीने कोणी तडजोड करायची नाही. पाची मुलं राहतील, नाहीतर पाचींसाठी भांडू." आपण खजूर खाल्ले. तुझी बी तू गॅलरीतल्या कुंडीत टाकलीस. हे मला इतकं बारीक का आठवतं, तू विचारशील. तर त्यानंतर काय झालं, म्हणून.

उस्तादांनी तो गोल बघितला आणि हसून त्यांचं पोट हलायला लागलं. "मदाम, धिस इज नॉट अ पिटिशन, धिस इज अ पिझ्झा." खात्याला सरळ यादी लागते, अरबीत टाईप केलेली, नावासमोर पासपोर्ट नंबर आणि सही. तू म्हणालीस, "मी टायपिंगवाल्याकडून करून आणते. मूळ कागद वसूकडे राहू दे. मूळ कधी कोणाला द्यायचं नाही." त्या कागदाची झेरॉक्स तू नेलीस.

पुढच्या गुरुवारी दुपारी तू एकटीच अजमानला आलीस, घाईत. खाली टॅक्सी थांबवून ठेवली होतीस. वर चढताचढता म्हणालीस, "पाच दिरहम जास्त मागतोय गं, म्हणजे पन्नास रुपयांच्या वर झाले की!" मग कागद पुढे केलास. सगळा अरबी. पहिल्या ओळीवर तुझं बोट होतं. "इथे कर."

मी केली.

शालन, मला अरबी वाचता येत नव्हतं हे खरं. पण मोजता येत होतं ना? त्या यादीत चार ओळी होत्या. आम्ही पाच होतो. चार आणि पाच यांतला फरक कळायला कुठली लिपी लागते? वाचता न येणाऱ्या मुलीसाठी भांडणारी आई न वाचता सही करून मोकळी झाली, आणि वर तुला विचारलं, "चहा टाकू?" तू माझ्याकडे न बघता म्हणालीस, "नको, टॅक्सी आहे."

शनिवारी शाळेने बैठक बोलावली होती, यादीची एक प्रत तू त्यांना देणार होतीस. शुक्रवारी संध्याकाळी हे मुसफ्फाला निघाले आणि पाच मिनिटांत दारावर तुमचा वॉचमन उभा. त्याच्या हातात स्टीलची ताटली, वर रुमाल, रुमालाखाली ओल्या नारळाच्या वड्या. गौरीच्या आवडीच्या. ताटलीच्या मागे ठिपक्या-ठिपक्यांनी कोरलेलं तुझं नाव, तुझ्या आईने लग्नात दिलेल्या भांड्यांवर होतं तसं. आपण गोल काढला ती हीच की त्या संचातली दुसरी, देवाला ठाऊक. मी वड्या डब्यात काढल्या, ताटली घासून ठेवली. रिकामी कशी परत करायची? म्हटलं, बैठक होऊ दे, शिरा करून भरून देऊ.

बैठकीत टेबलाच्या पलीकडे तिघं आणि अलीकडे आम्ही. तुझी खुर्ची रिकामी. मला वाटलं, टॅक्सी मिळाली नसेल. मी माझी पर्स तुझ्या खुर्चीवर ठेवली, कोणी बसू नये म्हणून. हेडमिस्ट्रेसबाईंनी यादी हातात घेतली आणि म्हणाल्या, "फोर पेरेंट्स." मी म्हटलं, "फाईव्ह, मॅडम." त्यांनी कागद माझ्याकडे वळवला. पेनाच्या टोकाने एकेक ओळ दाखवली. वन, टू, थ्री, फोर. शांतपणे, जसं पहिलीच्या पोराला शिकवावं. मग म्हणाल्या, "नंबर वन इज यू. सो वी स्टार्ट विथ यू."

त्यांनी गौरीचा ॲडमिशन फॉर्म काढला. माझं 'नाही', माझी झोकदार सही. तेवढ्यावर थांबल्या असत्या तर मी काहीतरी बोलले असते. तशी तयारी तूच करून घेतली होतीस. पण त्या हसून हिंदीत म्हणाल्या, "और वो बिल्लीवाला लेसन, मिसेस? जहाज के पन्ने पर बिल्ली?"

शालन, हे त्यांच्या तोंडून! माझ्या नवऱ्याला ठाऊक नव्हतं ते. मी फाईल मिटली. उस्तादांनी सांगितलेल्या तिन्ही गोष्टी त्या फाईलमध्ये होत्या, आणि मी एकही मागितली नाही. उरलेल्या तिघींनी माझं तोंड बघितलं आणि एकेकीने "आम्ही घरी विचार करून सांगतो" म्हणून टाकलं. अर्ध्या तासात खलास. रोहन शाळेत राहिला, ही बातमी मला त्यातल्याच एकीने जिन्यात सांगितली. बाईंनी तुला बुधवारीच बोलावून घेतलं होतं म्हणे. यादीत नाव नसेल तर मुलाची जागा पक्की.

आठवडाभराने गौरीचा टीसी हातात पडला. त्यावर कारण लिहिलं होतं, 'पालकांच्या विनंतीवरून'. त्याची मात्र मी पोच दिली.

उस्तादांनी स्वतः फोन केला होता, हे तुला माहीत नसेल. म्हणाले, "नॉट खलास, मदाम. चार महिने द्या." पण यांच्या कंपनीत व्हिसा नूतनीकरणाचे दिवस होते, आणि माझ्यात तर चार मिनिटांचाही दम नव्हता. ठरलं, मी गौरीला घेऊन पुण्याला जायचं, यांनी मुसफ्फालाच कंपनीच्या खोलीत राहायचं. वर्षातून एक महिना सुट्टी. तशी आठ वर्षं गेली. गौरीला बापाची उंची दरवेळी नव्याने मोजावी लागे. की बापाला तिची, कोण जाणे.

निघायला तीन आठवडे होते. मी खोकी भरत होते. तुझी ताटली मी सिंकखाली, फिनेलच्या बाटलीमागे टाकली होती. एका सकाळी स्वयंपाकघरात जाते तर गौरी फरशीवर मांडी घालून बसलेली. ताटली पालथी मांडीवर, डोळे मिटलेले, आणि बोट त्या ठिपक्यांवरून अगदी सावकाश फिरतंय.

"श," ती म्हणाली. मग पुन्हा बोट मागे नेऊन, "शा." मग "ल." मग बराच वेळ काहीच नाही. मग "न."

"आई! शालन! शालन मावशी! आई, ही हलत नाहीत!"

आता माझी हुशारी ऐक. पोरीने आयुष्यातला पहिला शब्द स्वतःहून वाचला आणि तिच्या आईने ताटली हिसकावून घेतली आणि तिच्या पाठीत धपाटा घातला. "तिचं नाव या घरात घ्यायचं नाही!" गौरी रडली नाही. ताटलीकडे बघत राहिली. म्हणाली, "मी नाव घेतलं नाही. मी वाचलं."

हे कळायला मला भाजी करपेपर्यंतचा वेळ लागला. मग मी खोक्यांचे पुठ्ठे फाडले, दाभण काढला आणि मागच्या बाजूने टोचून टोचून अख्खी बाराखडी उठवली. पुण्यात पुढे चांगल्या बाई भेटल्या, त्यांनी रीतसर शिकवलं, इंग्रजीसुद्धा, बोर्डात जास्तीचा वेळही मिळाला. त्या वेळचे सगळे अर्ज मी लिहिले. तीन-तीन प्रती, विशेषण एकही नाही, प्रत्येकावर शिक्का. बोर्डाच्या ऑफिसातला कारकून मला बघून म्हणायचा, "आल्या पोचवाल्या बाई." तुझी विद्या, शालन. तूच शिकवलेल्या हत्यारांनी मी लढले आणि प्रत्येक शिक्क्यागणिक तुला शिव्या दिल्या.

मध्ये तू एकदा भेटलीस. पुण्यात, कोणाच्या तरी लग्नात. पंगतीच्या रांगेत मागून आलीस आणि माझ्या कोपराला हात लावलास. "वसू, एकदा ऐकून तरी घे."

मी म्हटलं, "श्रीखंड संपेल, आधी वाढून घे."

लोक हसले. मला वाटलं, काय झकास टोला मारला! तू ताट घेऊन दुसऱ्या टोकाला जाऊन बसलीस आणि श्रीखंडाला हातही लावला नाहीस. मी तिरक्या नजरेने बघत होते ना. त्यानंतर किती वेळा वाटलं, ऐकून घ्यायला हवं होतं. तू काय सांगणार होतीस? रोहनचं? ते मला माहीत होतं. माझ्यापुढे कोणी गौरीची जागा ठेवली असती, तर मी खजूर खाल्लेलं तोंड पुसलं नसतं असं छातीठोक सांगायची माझी हिंमत नाही. आईच्या शपथेला काय किंमत असते ते दोघींना ठाऊक होतं. जागेबद्दल मी तुला केव्हाच सोडून दिलं.

मांजराबद्दल नाही.

ते तू सांगितलंस का, शालन? हे म्हणतात, अगं, मुलाखतीच्या बाईंच्या लक्षात आलं असेल, फोनवर असल्या तरी डोळे होतेच की त्यांना. असेलही. मी तुला विचारलं नाही, कारण तू 'हो' म्हणाली असतीस तर तुझ्या गॅलरीतलं ते हसणंही गेलं असतं, आणि 'नाही' म्हणाली असतीस तर मी विश्वास ठेवला नसता. तुझ्याकडे मला वाचवायला एक फोन होता. शुक्रवारी संध्याकाळी वड्या पाठवण्याऐवजी फोन केला असतास, "वसू, यादीत माझं नाव नाही, तुझं पहिलं आहे, सांभाळून जा," तर मी तुला दोन शिव्या दिल्या असत्या आणि तयारीने गेले असते. तू वड्या पाठवल्यास. खवा घालून. रुमालाला इस्त्री करून. दगाबाज, भेकड, गोडबोली बाई. घे, विशेषणं.

काल रोहन आला होता. तुझ्या अस्थी घेऊन भारतात आलाय, वाटेत पुण्यात उतरला. चांगला उंच झालाय, तुझं नाक घेतलंय. अजूनही एका जागी बसत नाही. बोलताबोलता खोलीभर फिरत होता. इंग्रजीतच बोलतो, मध्येच एखादा मराठी शब्द, तोही तुझ्या हेलात. "आँटी, मम्मा ऑल्वेज सेड, वसूकडे जाऊन ये. आय डोन्ट नो व्हाय शी नेव्हर कॉल्ड यू." मी म्हटलं, "फोन करायची तिला सवय नव्हती." तो हसला. त्याला काय कळणार, बिचाऱ्याला. त्या सगळ्यात तो नऊ वर्षांचा होता.

गौरीने चहाबरोबर चिवडा आणला. तुझ्या ताटलीत. घरात चाळीस भांडी असताना. ती रोज त्याच ताटलीत जेवते, तिला दुसरी सुचतच नाही. रोहनने चिवडा खाल्ला आणि ताटली ठेवताना त्याचं बोट मागच्या ठिपक्यांना लागलं. त्याने ती उलटी केली.

"हे, धिस इज मम्माज! एक प्लेट मिसिंग आहे म्हणायची. कोणी विचारलं की म्हणायची, ती भरून यायची आहे."

 आत फाईलमध्ये तो गोलाचा मूळ कागद होता, तुझी सही असलेला, आणि मी कितीतरी वर्षं ठरवून ठेवलं होतं की एक दिवस तो कोणाच्या तरी समोर ठेवायचा. मी खुर्चीच्या हातांवर जोर देऊन अर्धी उठलेही होते.

तेवढ्यात गौरीने ताटली त्याच्या हातून काढून घेतली. "नाही हं. ही माझी आहे. मी हिच्यावर वाचायला शिकले."

रोहन बघतच राहिला. "रिअली? मम्माने शिकवलं तुला?"

गौरीने माझ्याकडे बघितलं. तिला सगळं माहीत आहे. माझ्या तोंडून ऐकतच ती मोठी झाली. ती वाट बघत होती. रोहनही फिरायचा थांबला होता, पहिल्यांदाच.

मी खाली बसले. म्हटलं, "हो रे. तिनेच."

एवढंच मिळेल तुला माझ्याकडून, शालन. जास्तीची आशा करू नकोस. रोहनबरोबर डबाभर शिरा दिला आहे. ताटली दिलेली नाही, देणारही नाही. आणि मी तिकडे येईन तेव्हा फाईल घेऊन येईन, सगळं सोडून आधी मांजराचं विचारीन. तेव्हा चहा टाकून ठेव आणि कुठे टॅक्सी थांबवून ठेवू नकोस.